घरातील सक्युलंट झाडे : ती का मरतात व कशी जगतात

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, विद्यार्थ्यांस दिलेल्या साहाय्याचा हिशेब असावा, दिवंगत कार्यकर्त्यांचे स्मरण असावे. त्यात कुंडीतल्या झाडांना चार पाने कशाला, असे एखाद्या ज्येष्ठ सभासदास वाटणे साहजिक आहे. परंतु ह्या लेखाचे निमित्त आपल्याच घरांत घडले आहे. गेल्या काही वर्षांत इंदुरातील आपल्या पुष्कळ भगिनींनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या वाटण्याचे सोडून लहानशा कुंडीतले सक्युलंट झाड वाण म्हणून देण्यास सुरुवात केली आहे. कल्पना चांगली, खर्च माफक, आणि घरी आलेले वाण जिवंत! पण रथसप्तमीपर्यंत घरोघर पोहोचलेली ही झाडे आषाढ संपेपर्यंत बहुतेक घरांतून नाहीशी झालेली असतात. त्याबद्दल कोणी बोलत नाही. रिकामी कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात जाते आणि घरातली बाई मनाशी म्हणते, ‘माझ्या हातून झाड जगतच नाही.’ वयस्क बायकांना तर वाणाचे झाड वाळले ह्याची उगाच रुखरुख लागून राहते.

ही रुखरुख अनाठायी आहे. पहिली गोष्ट म्हणजे ते झाड बहुधा वाळलेले नसतेच. ते सडलेले असते. आणि ते सडते ते दुर्लक्षामुळे नव्हे, तर मायेमुळे. जी गृहिणी तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालते, तिच्याच हातून हे झाड लवकर जाते. आणि जिला त्याची आठवणही राहत नाही, तिच्या खिडकीत ते वर्षानुवर्षे सुखाने नांदते. हे असे उलटे का होते, हे एकदा समजले म्हणजे पुढचे सारे नियम पाठ करण्याची गरज उरत नाही.

सक्युलंट हा शब्द नर्सरीवाल्यांनी आपल्या तोंडी बसवला आहे. मराठीत ह्यांना मांसल झाडे म्हणतात. पानात, खोडात किंवा मुळात पाणी साठवून ठेवणारी जी झाडे, ती सारी ह्यात आली. ही एका कुळातली नव्हेत. कोरफड, घायपात, फड्या निवडुंग, त्रिधारी निवडुंग, शेर, पानफुटी, अगदी भाजीची घोळसुद्धा, ही सगळी वेगवेगळ्या घराण्यांतली. पण कोरड्या देशात राहण्याचा प्रसंग आल्यामुळे सर्वांनी एकच संसार मांडला. नर्सरीतून हल्ली जी इवलीशी, गुलाबाच्या आकाराची किंवा पट्टेदार झाडे मिळतात, त्यांतील बरीचशी मूळची दक्षिण आफ्रिकेतील व मेक्सिकोतील आहेत. खरे निवडुंगाचे कुळ मात्र जवळजवळ सगळे अमेरिका खंडातले. आपल्या रानातला त्रिधारी निवडुंग दिसायला त्यांच्यासारखा असला तरी तो एरंडाचा नातलग आहे. त्याला चीक असतो, अमेरिकेतल्या निवडुंगांना सहसा असा पांढरा चीक नसतो. ह्या फरकाचा उपयोग पुढे येईल.

आता ह्या झाडांचे गुपित. साधे झाड दिवसा पानांवरची सूक्ष्म रंध्रे उघडते, हवेतला कर्बवायू आत घेते आणि उन्हाच्या बळावर त्याचे अन्न करते. पण रंध्रे उघडी म्हणजे दार उघडे. आतले पाणी वाफ होऊन बाहेर जाणारच. एक ग्रॅम कर्बवायू मिळविण्यासाठी साधे झाड चारशे-पाचशे ग्रॅम पाणी गमावून बसते. वाळवंटात हा व्यवहार परवडणारा नाही. म्हणून बहुतेक मांसल झाडे दिवसा दारे लावून बसतात आणि रात्री, हवा गार झाल्यावर, ती उघडतात. रात्री घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात. सफरचंदात असते तेच हे मॅलिक आम्ल. दुसऱ्या दिवशी ऊन आले की दारे बंद ठेवून त्या साठ्यातूनच अन्न तयार करतात. ह्या रीतीने तोच एक ग्रॅम पन्नास ते शंभर ग्रॅम पाण्यात पदरात पडतो.

ह्या गोष्टीचा एक जुना सुगावा आपल्याच देशात लागला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. बेंजामिन हायने नावाचे एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्या काळी मद्रास इलाख्यात काम करीत होते. त्यांनी पानफुटीचे पान वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिले. पहाटे ते चांगलेच आंबट लागे, दुपारी त्याला चवच नसे, आणि सायंकाळकडे ते कडवट होई. ही हकिकत त्यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीस पत्राने कळविली व ती १८१५ साली छापली गेली. रात्रभरात आम्ल साठते आणि दिवसा ते खर्ची पडते, ह्याचा हा जिभेने लावलेला शोध. पुढे शंभरावर वर्षांनी रसायनशास्त्राने त्याची नीट उकल केली. (हायनेसाहेबांनी चाखले म्हणून आपण चाखू नये. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ती खाऊन गुरे दगावल्याची उदाहरणे आहेत.) जर्मन महाकवी गटे ह्यांनाही ह्याच पानफुटीचा मोठा नाद होता. पानाच्या काठावर रोपे फुटतात ह्याचे त्यांना इतके अप्रूप वाटे की स्नेह्यांना ते पाकिटातून पाने धाडीत.

तेव्हा हे झाड रात्री श्वास घेणारे आहे, आणि रात्र जितकी गार तितका त्याला तो सुखाने घेता येतो. उकाड्याच्या रात्री त्याची रंध्रे नीट उघडत नाहीत. मग ते वाढ थांबवून स्वस्थ पडून राहते. येथे आपण माळवेकर भाग्यवान आहोत. बनारसची सकाळ, लखनौची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र असे जे जुन्या लोकांनी वाटप करून ठेवले आहे, त्यातले माळव्याच्या वाट्याचे दान ह्या झाडांना नेमके मानवते. चैत्र-वैशाखात दिवसा चाळीस अंश तापलेली हवा रात्री पंचवीसपर्यंत उतरते, आणि पौषात दहाच्या आसपास येते. बडोद्याच्या किंवा गोव्याच्या आप्तांना हे सुख नाही. म्हणून झाड घरात ठेवावयाचे तर जेथे रात्रीची मोकळी हवा येते अशा जागी ठेवावे. दिवसरात्र बंद काचेआड कोंडून ठेवू नये.

हवेइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, महत्त्व उजेडाला आहे. आपला डोळा ह्या बाबतीत मोठा लबाड. दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचता येते, म्हणजे तेथे भरपूर उजेड आहे असे आपण समजतो. वास्तविक दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, आणि त्याच वेळी खोलीच्या मध्यभागी, टीपॉयवर, तो दोनतीनशे लक्ससुद्धा भरत नाही. हल्ली मोबाइलवर तो मोजता येतो. नातवाकडून एकदा मोजून घ्यावा म्हणजे खात्री पटेल. साधी परीक्षा अशी की कुंडीच्या जागी डोळा नेऊन पाहावे : तेथून आभाळ दिसत नसेल, तर ती जागा ह्या झाडाची नव्हे. उजेड कमी पडला की झाड त्याच्या शोधात लांबत जाते. पाने विरळ, दांडा किडकिडीत, रंग फिका. ‘बघा, किती छान वाढले!’ असे आपण कौतुकाने म्हणतो, पण ती वाढ नव्हे, ती उपासमार असते. एकदा लांबलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. शेंडा कापून नव्याने लावणे हाच उपाय.

इंग्रजी पुस्तकांतून व त्यांच्यावरून केलेल्या लेखांतून ‘दक्षिणेची खिडकी उत्तम’ असे वाचावयास मिळते. ते लंडनच्या सूर्याला लागू आहे. कर्कवृत्त आपल्या उज्जैनच्या थोडेसे उत्तरेने जाते, म्हणजे इंदूर त्याच्या किंचित दक्षिणेस. ज्येष्ठ-आषाढात सूर्य आपल्या डोक्यावरून, किंबहुना माथ्याच्या जरासा उत्तरेकडून जातो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत ऊन पाऊलही टाकीत नाही. उलट मार्गशीर्ष-पौषात तो खाली उतरतो आणि त्याच खिडकीतून ऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येते. म्हणून इंदुरात दक्षिणेची खिडकी ही हिवाळ्याची खिडकी. बारा महिने भरवशाची ती पूर्वेची. सकाळचे दोनतीन तास कोवळे ऊन आणि मग दिवसभर नुसता उजेड, हे घरात ठेवण्याजोग्या बहुतेक सक्युलंटना आवडते. पश्चिमेच्या खिडकीत उन्हाळ्यात काचेमागे पाने भाजतात. आणखी एक : आत ठेवलेले झाड एकाएकी गच्चीवर उन्हात नेऊ नये. आठवडा-दोन आठवडे सवय लावीत न्यावे. नाहीतर पानांवर पांढुरके चट्टे पडतात आणि ते कायम राहतात.

आता मातीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण माळव्यात झाड मरण्याचे निम्मे कारण मातीत आहे. आपली काळी माती गव्हाला व हरभऱ्याला सोन्यासारखी. पावसाचे पाणी ती पोटात धरून ठेवते आणि त्याच ओलीवर रब्बीचे पीक निघते. तिच्यातील चिकण कण पाण्याने फुगतात, वाळले की आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात शेतात हातभर भेगा पडतात. हा जो तिचा गुण, तोच कुंडीत दोष ठरतो. काळी माती भरलेल्या कुंडीत एकदा पाणी घातले की आत आठवडाभर चिखल, आणि सुकली की विटेसारखा गोळा. मांसल झाडाची मुळे बारीक व हवेची भुकेली असतात. चिखलात ती गुदमरतात, मग बुरशी त्यांना धरते. घरामागच्या बागेतली माती म्हणून कौतुकाने काळी माती भरू नये, हे मी पुन:पुन्हा सांगतो.

ह्याऐवजी एक भाग साधी तांबूस किंवा पोयट्याची माती, दोन भाग जाडी वाळू अथवा चाळून घेतलेला बारीक मुरूम, आणि अर्धा भाग जुने कुजलेले खत, असे मिश्रण करावे. वाळू धुऊन घ्यावी. तिच्यातली बारीक धूळ राहिली तर ती चिखलच करते. विटांचा चुरा, शेंगदाण्याएवढे तुकडे करून घातला तर फार उत्तम. मिश्रण ओले करून मुठीत दाबावे. मूठ उघडताच ते विस्कटले पाहिजे. लाडवासारखे राहिले तर आणखी वाळू हवी.

खताचा विषय निघाला म्हणून सांगतो. ज्या कंपोस्ट पद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, ती ह्याच गावची. सर आल्बर्ट हॉवर्ड येथील वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ ह्या काळात होते. काडीकचरा, शेण व माती ह्यांचे थर देऊन खत करण्याची रीत त्यांनी तेथे बसविली, आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांच्यासह १९३१ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. परदेशांतील सेंद्रिय शेतीवाले आजही आपल्या गावाचे नाव ह्या खतामुळे घेतात. अशा गावात राहून ‘खत कमी घाला’ असे लिहिणे थोडे जिवावर येते. पण ह्या झाडांना ते खरोखरच कमी लागते. फार खताने ती फुगतात, मऊ पडतात, आणि पहिल्याच पावसाळी दमटपणात सडतात. आश्विनात एकदा मूठभर खत वरच्या मातीत मिसळले की वर्षाची बेगमी झाली.

कुंडी मातीचीच घ्यावी, कुंभाराकडची, न रंगवलेली. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडून जाते. वाणाची झाडे बहुधा चिनीमातीच्या पेल्यात येतात. पेला सुंदर, पण तळाला भोक नाही! आणि आत नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट भरलेला. तो ओला असता फार दिवस ओला राहतो आणि अगदी कोरडा झाला की पाणी आत शिरू देत नाही. वाणाचे झाड मरण्याची ही सर्वांत मोठी दोन कारणे. म्हणून वाण घरी आले की आठवड्याच्या आत ते हलकेच काढावे, मुळांभोवतीचा भुसा झटकून टाकावा, चारपाच दिवस सावलीत कोरडे ठेवावे, मग वरील मिश्रणात लावावे, आणि लावल्यावर आणखी आठवडाभर पाणी घालू नये. पेला फारच आवडला असेल तर त्यात पेने ठेवावीत. कुंडी झाडाच्या घेराहून बोटभर मोठी, इतकीच पुरे. मोठ्या कुंडीत न वापरलेली माती ओली राहते. भोकावर एक खापरी ठेवावी, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. तळाशी खड्यांचा थर दिला म्हणजे निचरा होतो अशी जी समजूत आहे ती बरोबर नाही. बारीक मातीतले पाणी मोठ्या खड्यांत सहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडून राहते. म्हणजे ओल उलट मुळांच्या अधिक जवळ येते.

पाणी किती घालावे, हा प्रश्न सर्वजण विचारतात. खरा प्रश्न केव्हा घालावे हा आहे. घालावयाचे तेव्हा भरपूर, तळातून निथळेपर्यंत. ताटलीत साचलेले ओतून टाकावे. आणि मग कुंडी तळापर्यंत कोरडी होईतो हात आखडता. चमचा-चमचा रोज घातलेले पाणी सर्वांत वाईट. कोरडेपणा कळावा म्हणून झाडूची एक काडी कुंडीच्या काठाशी खोल खुपसून ठेवावी. काढली असता ओलसर किंवा माती चिकटलेली दिसली तर थांबावे. सवय झाल्यावर कुंडी नुसती उचलूनच वजनावरून कळते. पानेही सांगतात : तहानलेले पान सुरकुततो, पण घट्ट असते, पाणी फार झालेले पान पिवळे, पारदर्शक आणि बोटाला मऊ लागते. सुरकुतलेले पान पाणी मिळताच दोनतीन दिवसांत भरून येते. मऊ झालेले पान परत येत नाही. म्हणून शंका आली तर पाणी न घालणेच शहाणपणाचे, कारण तहानेची चूक सुधारता येते.

तरीही अंदाज म्हणून सांगावयाचे तर चार इंची मातीच्या कुंडीला माळव्यात हिवाळ्यात बारा-पंधरा दिवसांनी, फाल्गुनपासून ज्येष्ठापर्यंत आठवड्याने, तेही ऊन उतरल्यावर संध्याकाळी. आणि पाऊस लागला की? येथेच बहुतेक झाडे जातात. विलायती पुस्तके म्हणतात, हिवाळ्यात पाणी बंद करा. तिकडे हिवाळ्यात ऊन नसते म्हणून ते खरे. आपला हिवाळा स्वच्छ, कोरडा व उन्हाचा. कोरफड, जेड, हॉवर्थिया ह्यांची वाढ आपल्याकडे त्याच दिवसांत चांगली होते. आपला धोक्याचा काळ आषाढ ते भाद्रपद. तीन महिने हवा ओली, आभाळ झाकलेले, माती सुकत नाही. ह्या दिवसांत तीनचार आठवड्यांनी थोडे पाणी, तेही पान सुरकुतले तरच. नाही घातले तरी चालते. कुंड्या दाटीने ठेवू नयेत, एकमेकींत वीतभर अंतर असावे. गोव्यात तर पावसाचे मान आपल्या तिप्पट. तेथील आप्तांनी मुरुमाचे प्रमाण वाढवावे आणि कुंड्या पंख्याच्या वाऱ्यात ठेवाव्यात. बेळगावची हवा गार म्हणून झाडांना मानवते, पण पावसाळ्याचा नियम तेथेही हाच.

ज्या घरांत आता दोघेच राहतात, मुले पुण्या-बंगळुरास किंवा त्याहून दूर, आणि वर्षातून महिना-दीड महिना घराला कुलूप लागते, त्यांना ही झाडे फार सोयीची. जाण्याच्या दोन दिवस आधी पाणी द्यावे, कुंड्या खिडकीतून हातभर मागे सरकवाव्यात आणि निर्धास्त जावे. शेजाऱ्याला किल्ली देऊन ‘पाणी घाला हो’ असे मात्र सांगू नये. शेजारी प्रामाणिक असेल तर रोज घालील!

कोणती झाडे निवडावीत? नवख्याने कोरफड व पानफुटी ह्यांपासून आरंभ करावा. ह्यांना ऊन चांगले लागते, बाकी फार काही नाही. जेड सर्वांना आवडते, मात्र आपल्याकडे ‘जेड’ म्हणून जे विकतात ते पुष्कळदा स्पेकबूम असते. दक्षिण आफ्रिकेत हत्ती ते आवडीने खातात. त्याचे पान नखाएवढे व दांडा तांबूस. खऱ्या जेडचे पान मोठे, चकचकीत. दोन्ही चांगली. पूर्वेची खिडकी असेल तर हॉवर्थिया घ्यावी. ती मुळातच झुडपांच्या आडोशाला वाढणारी, म्हणून घरातल्या उजेडात समाधानी. अगदीच अंधारी बैठक असेल तर पट्टेदार, तलवारीसारख्या पानांचे स्नेक प्लांट तग धरते. तग धरते म्हणजे वाढते असे नव्हे. लाल-पिवळ्या गोळ्यांचे निवडुंग दिसायला गमतीचे, पण त्या गोळ्यात हरितद्रव्यच नसते. खालच्या हिरव्या खुंटावर कलम करून तो जगवलेला असतो, आणि दोनचार वर्षांत तो जातो. त्याचा दोष स्वत:कडे घेऊ नये. निळा-जांभळा रंग फवारलेली आणि कागदी फूल डिंकाने चिकटवलेली झाडे घेऊच नयेत.

‘काटेरी झाड घरात नको’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. जेथे लहान मुले धावतात तेथे काटे नकोत, हे खरेच. पण ज्या ब्रह्मकमळाच्या रात्री आपण शेजाऱ्यांना हाका मारून बोलावतो, आरती ओवाळतो, ते ब्रह्मकमळ निवडुंगाच्याच कुळातले आहे हे किती जणांस ठाऊक असेल? हिमालयातले खरे ब्रह्मकमळ वेगळे. हे आपल्या कुंडीतले मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या जंगलातले, झाडांच्या फांद्यांवर वाढणारे. ज्याला आपण पान म्हणतो ते त्याचे चपटे खोड. ते वाळवंटातले नसल्यामुळे वरचे पाण्याचे नियम त्याला जसेच्या तसे लावू नयेत. त्याला सावली हवी, मातीत थोडे अधिक खत हवे, आणि उन्हाळ्यात ओल पूर्ण तुटू देऊ नये.

काट्यापेक्षा भिण्याजोगा आहे तो चीक. शेर, त्रिधारी निवडुंग व त्यांच्या जातीतली सर्व झाडे तोडली की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. उद्या पाहू म्हणू नये. नातवंडे असलेल्या घरात ही जात ठेवूच नये असे माझे मत आहे. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा रसही जुलाब करणारा असतो.

हवा शुद्ध करतात म्हणून ही झाडे विकली जातात, त्याविषयी दोन शब्द. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत झाडे ठेवून काही प्रयोग केले, त्यावरून ही आवई उठली. पुढे २०१९ साली दोन अमेरिकन संशोधकांनी अशा सर्व प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला. उघडझाप होणाऱ्या साध्या खोलीत नुसत्या हवेच्या येण्याजाण्याने जेवढे शुद्धीकरण होते, तेवढे झाडांकडून करवून घ्यायचे तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील! स्नेक प्लांट रात्री प्राणवायू देते, हेही तसेच. ते रात्री कर्बवायू घेते हे खरे. पण प्राणवायू निर्माण होतो तो उजेडातच. खिडकी उघडावी, झाड आवडते म्हणून ठेवावे.

रोगराई फारशी नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखे ठिपके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून पुसून काढावेत, आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. बुंधा काळा पडू लागला तर वरचा निरोगी भाग धारदार सुरीने कापावा. कापलेल्या ठिकाणी आत तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापावे, पांढरे-हिरवे दिसेपर्यंत. मग आठवडाभर सावलीत सुकू द्यावे. नवी रोपेही अशीच करतात : जेडची फांदी किंवा निरोगी पान बुंध्यापासून अलगद काढावे, जखम सुकून पापुद्रा धरला की कोरड्या मिश्रणावर ठेवावे, आणि मुळे दिसू लागल्यावरच शिंपडावे. पाऊस ओसरल्यावर, आश्विनात लावलेली जेडची फांदी तीनचार आठवड्यांत मुळे धरते आणि संक्रांतीपर्यंत देण्याजोगी होते. फांदीला पैसेही पडत नाहीत, आणि नर्सरीच्या भुशातल्या झाडापेक्षा ती आपल्या हवेला सरावलेली असते.

विकत घ्यावयाचे तर नर्सरीत बियांपासून किंवा फांदीपासून वाढवलेलेच घ्यावे, विशेषत: दुर्मिळ जाती. २०१९ पासून दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागातून कोनोफायटम नावाची खड्यांसारखी दिसणारी इवली झाडे चोरून उपटून परदेशी विकण्याचा मोठा धंदा उघडकीस आला; पोलिसांनी लाखो झाडे जप्त केली. त्यातल्या काही जाती एखाद्या टेकडीपुरत्याच उगवतात. वेडीवाकडी, जुनाट मुळांची, अंगावर ओरखडे असलेली महाग झाडे दिसली तर ती रानातून आलेली असण्याचा संभव असतो.

असेच एक मांसल झाड आपल्या सह्याद्रीत आहे. डाल्झेल ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ साली त्याचे वर्णन केले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर ह्यांच्या नावाने त्याला फ्रेरिया म्हटले. ते शिवनेरीवर आढळते म्हणून मराठीत ‘शिवसुमन’. कड्याच्या कपारीतून त्याची जाड खोडे लोंबतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यांवर तांबडी-किरमिजी, पिवळ्या ठिपक्यांची, चांदणीच्या आकाराची फुले येतात. पावसात त्याला पाने असतात, कोरड्या दिवसांत ती गळून नुसती खोडे राहतात. १९७७ साली जर्मन शास्त्रज्ञांनी ह्याची तपासणी केली तेव्हा असे दिसले की पाने साध्या झाडासारखी दिवसा श्वास घेतात आणि खोड मात्र मांसल झाडाच्या रीतीने रात्री. एकाच झाडात दोन्ही रिती. पाऊस असतो तोवर पाण्याची उधळपट्टी, तो गेला की काटकसर. हे झाड थोड्याच ठिकाणी उरले आहे, घरी आणण्याचे नव्हे. भाद्रपदात जुन्नरकडे जाणे झाले तर कड्याच्या अंगाला पाहावे. बरोबर दुर्बीण असली तर बरे, कारण ते बहुधा हात पोहोचणार नाही अशाच जागी असते.